कुंपणाच्या आतली चेटकीण

हडळ नाही गं, चेटकीण. खोड ते आणि पुन्हा लिही. हडळ मेलेली असते, तिला काय, ना घर ना दार, ना सकाळी उठून कामाला जायची घाई. चेटकीण जिवंत असते. तिला चूल असते, भांडी असतात, कोणी ना कोणी दारात "जरा औषध दे" म्हणून उभं असतं. समोरच्या थोरलीनेच मला हा फरक समजावला. मी म्हटलं, "अगं बाई, मग मी पण चेटकीणच की!" तर ती इतकी हसली की कपातला चहा बशीत आला.

आता तुझ्या वहीत असं लिही, की थोरली म्हणजे समोरच्या घरातली मोठी मुलगी. मुलगी कसली, सत्तेचाळीस वर्षांची बाई. पण घरात सगळ्यात मोठी म्हणून थोरली, आणि ते नाव तिला असं चिकटलं की तिचं खरं नाव विचारलं तर मलाही क्षणभर आठवावं लागेल. घरात तिचे वडील, अण्णा. तिचा धाकटा भाऊ, त्याला सगळे धाकटाच म्हणतात, डोक्याला टक्कल पडलं तरी. त्याची बायको, म्हणजे थोरलीची वहिनी. आणि त्यांची मुलगी बारकी, ती कॉलेजात. चार खोल्या आणि पाच माणसं. अण्णांना झटका येऊन सहा वर्षं झालेली. उजवं अंग गेलं ते गेलंच. बोलणं राहिलं, पण तोंडात कापूस धरल्यासारखं. डाव्या हाताशी एक स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलेला असे. काही हवं झालं की टण टण. त्या टणटणीला अख्ख्या घरात एकच माणूस उठायचं.

थोरली कामाला जायची चष्म्याच्या दुकानात. पुढे गिऱ्हाईक आरशात बघून नाकं मुरडतात ना, तिथे नाही. मागे. मागे एक चिंचोळी खोली, खिडकी नाही, त्यात काच घासायचं यंत्र. दुकानात काचा येतात त्या गोल, ताटलीसारख्या. फ्रेम कुठली चौकोनी, कुठली बदामी. त्या गोल काचेचा मध्य शोधायचा, खूण करायची, मग चाकावर धरून, पाण्याची धार सोडून, कड घासत घासत तिला फ्रेमच्या आकाराची करायची. केसभर जास्त घासली की काच फ्रेममधून खाली पडते, केसभर कमी घासली की बसवताना तडकते. दिवसाला तीस-पस्तीस जोड्या. पांढरी भुकटी तिच्या भुवयांवरसुद्धा असायची. चष्मेवाला, म्हणजे तिचा मालक, माणूस बडबड्या, पण म्हणायचा, "थोरल्या ताईंनी बसवलेली काच हातोडीनेच निघेल." बावीस वर्षं ती त्या खोलीत होती. तिथून घरी, घरून तिथे. मधे भाजीवाला.

सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अण्णांजवळ एक कामाची बाई असायची. बाकीचा वेळ, आणि रविवार पूर्ण, थोरलीचा. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची. पडलेलं माणूस वळवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आपला गुडघा गादीवर टेकवायचा आणि श्वास सोडत ओढायचं. श्वास धरून ओढलं की आपली कंबर गेली समज.

हां, आता खेळ. बारकीला कॉलेजात या खेळाचं वेड लागलं. मला वाटलं सोंगट्या असतील, पट असेल. काही नाही! टेबलावर कागद, पेन्सिली आणि फासे. फासा पण आपला सहा बाजूंचा नव्हे, एक तर वीस बाजूंचा, लिंबाएवढा. एकजण सांगणारी, ती बारकी. ती सांगते, "तुम्ही जंगलात आहात, समोर पूल तुटलेला आहे, काय करता?" मग प्रत्येकाने सांगायचं, मी हे करतो, मी ते करते. जमलं की नाही ते फासा ठरवणार. आणि प्रत्येकाला एक पेशा घ्यावा लागतो. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी वैद्य. त्यात चेटकीण हा पण पेशा. तिचे मंतर वेगळे, काढे वेगळे, सोबतीला एक पाळीव प्राणी लागतो, कोणाशी तरी करार करून तिने ताकद मिळवलेली असते. सगळं एका जाड पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि ते पुस्तक बारकीच्या मांडीवर.

दर रविवारी दुपारी तिचे दोन मित्र यायचे. एक शिडी, म्हणजे एक उंच मुलगी, दारातून येताना वाकून यायची, ती योद्धा. दुसरा पंपवाला. पेट्रोलपंपावर काम करायचा, इतका सरळ की गिऱ्हाईक पाकीट विसरलं तर पुढच्या चौकापर्यंत धावत जायचा, आणि खेळात मात्र चोर! बारकी म्हणायची, "तुला चोरी करायची हौस इथेच फेडून घे." चौथा एक होता तो परगावी शिकायला गेला. चौथ्याशिवाय खेळ रंगेना. तर एका रविवारी बारकी म्हणाली, "आत्या, तू बस ना गं."

"मी? मला काय येतंय?"

"काही यावं लागत नाही. चेटकीण हो. ती कोणाला नकोच आहे."

"नको असलेलंच माझ्या वाट्याला का?" थोरली म्हणाली, पण ओल्या हातांनीच बसली.

त्या पहिल्या दिवशी तिला पाळीव प्राणी निवडायला सांगितला. पुस्तकात बोका होता, घुबड होतं, कावळा होता. थोरलीने पाल घेतली. शिडी म्हणाली, "ईऽऽ आत्या, पाल?" तर म्हणाली, "पाल घरातच राहते. उगीच शोधत फिरावं लागत नाही."

आणि त्या दिवशी खेळ संपता संपता बारकीने एक नियम सांगितला. चेटकिणीची सगळी ताकद तिच्या चुलीत. जंगलाच्या काठाला तिची झोपडी, भोवती काट्यांचं कुंपण. त्या कुंपणाच्या आत ती कोणालाही भारी. बाहेर पाऊल टाकलं की साधी बाई.

"म्हणजे मी घरीच?" थोरली म्हणाली.

"घरीच. हे दोघं बाहेर लढतील, जखमी होऊन तुझ्याकडे येतील, तू काढे द्यायचे, मंतर द्यायचे. तुझ्याशिवाय ते मरतील, आत्या!"

थोरलीने मान हलवली. तिला त्यात नवल वाटलं नाही. हेच तर ती रोज करत होती.

तीन वर्षं ती अशी खेळली. तीन वर्षं, प्रत्येक रविवार, अण्णा दुपारी डोळे मिटून पडत तेव्हा. खेळात पायऱ्या असतात, जो जितकं करेल तितका वर चढतो. शिडी सातव्या पायरीवर, पंपवाला सहाव्या, तो नेहमी नको तिथे कुलूप उघडायला जायचा. थोरली अकराव्या. तिच्याकडे सत्तावीस काढे होते, सगळे तिने स्वतः वहीत लिहिलेले. ती दोघं बर्फाच्या डोंगरावरून, समुद्रातल्या किल्ल्यावरून परत आली की ती विचारायची, "थंडी होती का रे? समुद्राला वास कसला होता?" पंपवाला म्हणायचा, "आत्या, वास कसला, बारकीने सांगितलाच नाही." मग थोरली बारकीकडे बघायची. बारकीला उगीचच तिथल्या तिथे वास बनवावा लागायचा.

टेबल होतं अण्णांच्या दाराला लागून. टण टण झालं की थोरली उठायची, पंधरा मिनिटांनी परत यायची, खुर्ची ओढायची आणि विचारायची, "कोण मेलं?" ते दोघं हसायचे.

आता नीट ऐक, इथून पुढचं घाईने लिहू नकोस.

एका गुरुवारी चष्मेवाला मागच्या खोलीत आला. तो सहसा येत नसे, भुकटीने त्याला शिंका यायच्या. दारातच नाकाला रुमाल लावून उभा राहिला आणि म्हणाला, "थोरल्या ताई, मी दुसरं दुकान काढतोय." पाच तासांच्या अंतरावर, एका बंदराच्या गावात. तिथे यंत्र नवं, त्याला पडदा असतो, काचेचा मध्य आपोआप दाखवतं. हाताखाली दोन मुली. मागे मोठी खिडकी असलेली खोली, वर राहायला जागा. "मला तिथे तुम्ही हव्यात. नाही म्हणालात तर पुढे फ्रेमा दाखवतो त्या फ्रेमवाल्याला पाठवतो. तो काचा फोडेल, पण जाईल. सोमवारी सकाळी सांगा."

थोरलीच्या हातातली काच त्या दिवशी केसभर जास्त घासली गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने आपल्या हातची काच वाया गेली म्हणून टोपलीत टाकली.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. घरी बोलायला तोंड उघडायची आणि दुसरंच काहीतरी बोलायची. "वहिनी, साबण संपलाय." "बारके, पंखा बंद कर." शनिवारी जेवताना एकदाचं बोलली. भात वाढता वाढताच बोलली, बसून नाही.

धाकटा म्हणाला, "अरे वा! जा ना मग. कोण अडवतंय?"

वहिनी म्हणाली, "ताई, तुमचं आयुष्य आहे. आम्ही कोण नको म्हणणारे?"

मग दोघं जेवत राहिले. जरा वेळाने धाकटा म्हणाला, "रात्रीचं अण्णांचं बघावं लागेल फक्त." वहिनीने कमरेला हात लावला. तिची कंबर खरंच वाईट, ऑपरेशन झालेलं, त्यात खोटं काही नाही. ती म्हणाली, "मी करीन हो. होईल तसं करीन. मोडले तर मोडले." डोळे पुसले. धाकटा म्हणाला, "मी... तुला तर माहीतच आहे."

थोरलीला माहीत होतं. अण्णा आजारी पडले त्या पहिल्या महिन्यात धाकटा त्यांना वळवायला गेला होता, आणि ते त्याच्या हातून पलंगाखाली पडले. डोक्याला खोक. तेव्हापासून त्याने अण्णांना हात लावला नव्हता. दारात उभा राहायचा, "काय अण्णा, कसं काय" म्हणायचा आणि जायचा. त्यावर घरात कोणी एक शब्द बोलत नसे.

"तू ठरव ताई," धाकटा म्हणाला. "आमच्याकडून काही नाही."

बघ म्हणजे! भांडले असते तर ती भांडली असती. नको म्हणाले असते तर का नको विचारलं असतं. पण सगळे जा म्हणत होते आणि कोणी हलत नव्हतं. दाराला कडी नाही, कुलूप नाही, आणि तरी उंबऱ्यावर पाय उचलत नाही असं झालं तिचं. रात्री भांडी विसळताना तिने मनात फ्रेमवाल्याला त्या मोठ्या खिडकीशी बसवूनसुद्धा टाकलं.

रविवार उजाडला. दुपारी शिडी आली, पंपवाला आला. त्या दिवशी खेळात दोघं पार अडकली होती. बर्फाच्या किल्ल्यात, खाली तळघरात, वरून दार गोठलेलं. शिडीच्या योद्ध्याचा जीव दोनावर आलेला, खेळात जीव आकड्यात मोजतात. पंपवाल्याच्या चोराचे दोन्ही हात गारठलेले, कुलूप उघडता येईना. बारकी सांगत होती, "पाणी गुडघ्यापर्यंत चढलंय. काय करता?"

शिडी म्हणाली, "आत्याकडे जायचं."

"कसं जाणार? दार बंद आहे."

"मग आत्याने यायचं!"

"ती येऊ शकत नाही. नियम आहे."

थोरली तोपर्यंत पेन्सिलीने कागदावर आपल्या झोपडीभोवतीचं कुंपण गिरवत बसली होती, इतकं गिरवलं की कागद फाटला. ती म्हणाली, "मी जाते."

"आत्या, ताकद जाईल तुझी."

"अकराव्या पायरीवर आहे मी. अकरा पायऱ्या चढून एक फाटक ओलांडता येत नाही? कुठे लिहिलंय ते दाखव मला."

बारकीने पुस्तक मांडीवरून हलवलं नाही.

"दाखव गं."

"आत्या, ते... मोठं आहे प्रकरण. शोधावं लागेल."

पंपवाल्याने, तो काय, सरळ माणूस, हात लांब करून पुस्तक ओढलं. अनुक्रमणिका काढली, पान काढलं, बोट ठेवून वाचत गेला. चेटकिणीची चार पानं. मंतर होते, काढे होते, करार कसा करायचा ते होतं. पालीचं नव्हतं, पण बोक्याचं होतं. त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "इथे तर लिहिलंय की चेटकीण भटकी असते. गावोगाव फिरते. झोपडीचं कुठे काहीच नाही."

तीन वर्षांत त्या दोघांनी एकदाही पुस्तक उघडलं नव्हतं. आळशी कुठले! बारकी सांगेल ते खरं.

बारकीचं तोंड लाल झालं. "मी बनवला नियम."

"का?" शिडी म्हणाली.

"कारण पहिल्या दिवशी आत्या अकरा वेळा उठली होती. मी मोजलं. लढाई मधेच सोडून आत गेली की तिचं पात्र मरणार, नाहीतर आपण सगळ्यांनी थांबायचं. म्हणून मी... आत्या, तुझ्यासाठीच केलं मी. तुला उठता यावं म्हणून. तुला वाईट वाटू नये म्हणून."

पोरीचा काही दोष नव्हता. प्रेमानेच केलं होतं. पण तीन वर्षं ती समजत होती की पुस्तकातच तसं आहे, चेटकिणीचा पेशाच तसा, आपल्या वाट्याला तो आला. आणि ते तसं नव्हतंच. सोळा वर्षांच्या पोरीने एका दुपारी तिच्याकडे बघून ठरवलं होतं, आणि थोरलीने तीन वर्षांत "दाखव" असं एकदाही म्हटलं नव्हतं.

आणि तेवढ्यात आतून टण टण.

तिघांनी थोरलीकडे बघितलं. तिचे हात आपोआप टेबलावर टेकले, उठायला. मग तिने ते उचलून मांडीवर ठेवले.

टण टण टण.

स्वयंपाकघरातून वहिनीची हाक आली, "ताई, अण्णा बोलावतायत!"

थोरली बसून राहिली. धाकटा बाहेरच्या खोलीतून उठला, अण्णांच्या दारापर्यंत आला, चौकटीला हात लावून थांबला. एक पाऊल पुढे नाही की मागे नाही. बारकी उठायला लागली तर बापानेच तिला हाताने खुणावलं, थांब.

मग टणटण थांबली. ते थांबणं काही थोरलीला सोसवेना. ती उठली, धाकट्याच्या हाताखालून वाकून आत गेली.

अण्णांना उजेड डोळ्यांवर येत होता, बस्स. पडदा ओढायचा होता. तिने ओढला. वळवायची वेळ झालीच होती म्हणून गुडघा गादीवर टेकवून त्यांना भिंतीकडे वळवलं. उशी सारखी केली. ती निघणार तर अण्णा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "कधी जातेस?"

"कुठे अण्णा?"

"काचांच्या... दुकानात. दुसऱ्या." प्रत्येक शब्दाला श्वास घेत होते. "भिंती पातळ आहेत. काल ऐकलं."

थोरली पलंगाच्या काठावर बसली.

"नको जाऊ," अण्णा म्हणाले.

तिने त्यांची चादर खांद्यापर्यंत ओढली.

"मला भीती वाटते. नको जाऊस." आणि रडले. लहान पोरासारखे, अर्ध्या तोंडाने.

काय सांगू तुला. सगळ्या घरात नको म्हणायची हिंमत त्या पडलेल्या माणसाने दाखवली. ती मला म्हणाली, "मावशी, त्यांनी नको म्हटलं आणि माझ्या छातीवरचा दगड हलला. इतके दिवस मला कोणी उत्तर द्यायला जागाच ठेवली नव्हती." तिने त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "अण्णा, मी जाणार आहे." तिने स्वतःच ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अण्णांनी तोंड फिरवावं तर ते आधीच भिंतीकडे होतं.

ती बाहेर आली तेव्हा धाकटा अजून चौकटीशीच होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. खुर्ची ओढली, बसली, म्हणाली, "माझी चेटकीण फाटक उघडते."

बारकीने मुकाट्याने वीस बाजूंचा फासा तिच्यापुढे सरकवला. थोरलीने टाकला. तीन पडले. तीन म्हणजे अगदीच वाईट. बारकी नाक ओढत म्हणाली, "तू... तू दलदलीत पडलीस. गुडघाभर चिखल."

"बाहेर पडले ना?"

"बाहेर."

"मग ठीक आहे," थोरली म्हणाली. "चिखल धुता येतो."

सोमवारी तिने चष्मेवाल्याला हो सांगितलं. पंधरा दिवस मागून घेतले. त्या पंधरा दिवसांत घरात काय वातावरण होतं विचारू नकोस. वहिनीच्या हातून रोज एक भांडं आपटायचं. धाकटा म्हणायचा, "आधी सांगायचं ना," आणि आधी म्हणजे कधी ते काही सांगायचा नाही. थोरलीने बारकीला वळवायला शिकवलं, श्वास सोडत ओढ म्हणून. पोरगी शिकली, पण एकटीला झेपेना, अण्णा हाडापेराने मोठे. रात्रीसाठी बाई शोधली, ती दोन दिवस आली आणि तिसऱ्या दिवशी फोनच लागेना. धाकट्याला थोरली रोज म्हणायची, "ये, नुसता हात लावून बघ." तो रोज म्हणायचा, "उद्या."

काहीही सुटलं नाही, आणि ती गेली. हे लक्षात ठेव, लोक म्हणतात सगळं मार्गी लागल्यावर निघावं. तसं काही होत नसतं.

निघायच्या दिवशी धाकट्याने तिची पेटी बसपर्यंत आणली. कंडक्टरने पेटी वर चढवायला धरली तर हा सोडेना. कंडक्टर ओढतोय, हा धरून उभा. कंडक्टर म्हणाला, "साहेब, पेटी जाणार आहे की तुम्ही?" तेव्हा सोडली.

पाच महिने झाले आता. रविवारी बारकी फोन टेबलावर बरणीला टेकवून ठेवते आणि थोरली तिकडून खेळते, मागे खिडकीतून भोंगा ऐकू येतो बोटींचा. तिची चेटकीण आता कुठे कुठे फिरते. पंपवाल्याला तिने परवा वाळवंटातून खांद्यावर उचलून आणलं. पण ती स्वतः घरी आलेली नाही. एकदाही नाही. दोन सुट्ट्या गेल्या. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "मावशी, आले तर परत निघता येणार नाही मला. टण टण ऐकलं की संपलं." तिला अजून दर दोन तासांनी जाग येते म्हणे. बंदराच्या गावात, वरच्या खोलीत, एकटी उठून बसते आणि कोणाला वळवायचं ते आठवत राहते. कुंपण तिने ओलांडलं खरं, पण बरोबरच घेऊन गेली की काय असं वाटतं मला.

आणि इकडे काय झालं ते तिला कोणी सांगितलेलं नाही. धाकटा फोनवर "बरंय, सगळं बरंय" एवढंच बोलतो. ते तर अण्णा त्याच्या हातून पडले तेव्हाही बोलला होता, त्यामुळे ती विश्वास कसा ठेवणार? बारकीला त्याने शपथ घातली आहे की सांगायचं नाही, उद्या पुन्हा हातून पडले तर? मला काही शपथ घातलेली नाही, पण माझ्या तोंडून ऐकलं तर ती म्हणेल, मावशी मला घरी आणायला बनवून सांगतेय.

म्हणून हे लिहवून घेतलं. आता हे जे कोणी वाचत असतील त्यांना सांगते. तुमच्यापैकी कोणी कधी बंदराच्या गावाला गेलात, आणि चष्म्याचं दुकान दिसलं, तर आत जा. काच पुसायची आहे म्हणून सांगा. मागच्या खोलीत भुवयांवर पांढरी भुकटी असलेली बाई बसली असेल. तिला म्हणावं, तुझ्या भावाला आता अण्णांना वळवता येतं. दोन महिने झाले, तोच वळवतो, दिवसाही आणि रात्रीही. श्वास सोडत. तू दोन दिवस ये आणि खुशाल परत जा, तुला उठावं लागणार नाही. एवढंच सांगा. पहिल्यांदा वळवलं तेव्हा अण्णा आणि तो दोघंही रडले, ते सांगू नका, नाहीतर ती तशीच धावत येईल आणि राहील.